मेढ कुठे रोवायची?

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तळमजला अधिक चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं, अरुंद जिना आणि वर सपाट गच्ची. १९८०च्या दशकात डोंबिवली पूर्वेला अशा इमारती भराभर उभ्या राहिल्या. घर घेणारे तेव्हा तिशी-पस्तिशीत होते. वरचा मजला जरा स्वस्त पडायचा, वारा चांगला यायचा आणि जिन्याचा कुणी विचारही करत नव्हतं. ती माणसं आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहेत. जिना तेवढाच आहे.

बाबांनी तो मोजून ठेवलाय. आमच्या दारापासून रस्ता ७२ पायऱ्या खाली, गच्ची १८ पायऱ्या वर. गुडघे गेल्यापासून ७२ पायऱ्या ते महिन्यातून एकदा उतरतात, डॉक्टरांकडे जाण्यापुरत्या. १८ मात्र रोज चढतात, मध्ये एकदा थांबून. बाहेरचं जग म्हणून त्यांच्या वाट्याला जे उरलंय ते म्हणजे ही गच्ची. तिथून लोकलचा आवाज येतो, हवा स्वच्छ असेल तर मलंगगड दिसतो, समोरच्या गच्चीवर कुणाचे पापड वाळत घातलेत ते कळतं. अडचण एकच, सावलीची. दिवाळीनंतर सकाळी नऊला गच्ची तापायला लागते आणि संध्याकाळी सहापर्यंत तिथे बसवत नाही.

‘‘इथे एक मांडव घालूया,’’ बाबा एकदा म्हणाले. मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरला फोन केला. मांडव म्हटल्यावर त्याने लग्न कधी आहे असं विचारलं, म्हणून मग पर्गोला म्हणावं लागलं. तो टेप घेऊन आला, पाच मिनिटांत मापं घेतली. आठ बाय दहा फूट, दोन इंची चौकोनी पाइप, चार खांब, प्रत्येक खांबाखाली लोखंडी प्लेट, प्रत्येक प्लेटला चार अँकर बोल्ट. ‘‘अर्ध्या दिवसाचं काम आहे, मॅडम.’’

चार चोक सोळा. गच्चीला सोळा भोकं.

सावलीसाठी सोयीचा जो कोपरा होता, तो आमच्या घरावर नव्हता. तो शेजारच्या काकूंच्या झोपायच्या खोलीवर होता. काकू एकट्या राहतात. त्यांच्या त्या खोलीत आठ पावसाळे पलंगावर बादली होती. पलंग तीनदा सरकवला, गळती त्याच्या मागे मागे आली. २०२२च्या उन्हाळ्यात सोसायटीने अखेर गच्ची उकलून नव्याने वॉटरप्रूफिंग केलं. त्याआधी दोन वर्षं, तळमजल्यावरच्या लोकांनी गच्चीच्या खर्चाला वर्गणी का द्यायची, यावर सभा होत होत्या. काम झालं त्या वर्षी काकूंनी बादली माळ्यावर टाकली. टाकली म्हणजे फेकली नाही.

आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर जे काम असतं त्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवतात, पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार देतात, वर सिमेंटचा थर आणि त्यावर बऱ्याचदा फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक. हा सगळा थर चार-पाच इंचांचा. वरून दगडासारखा दिसतो, पण आत विटा आहेत आणि वीट पाणी पिते. वरच्या थराला एक बारीक भोक पडलं की पाणी आत शिरतं, विटांमधून आडवं फिरतं आणि स्लॅबमध्ये जिथे भेग असेल तिथून खाली उतरतं. म्हणून गळती जिथे दिसते तिथे भोक सापडत नाही, आणि भोक एका कोपऱ्यात असताना छत भलत्याच्या घरात ओलं होतं. ठाण्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. अशा ठिकाणी सोळा भोकं सिलिकॉन भरून बुजवू, हे फॅब्रिकेटरचं म्हणणं मला पटण्यासारखं नव्हतं. बोल्टभोवतीचं सिलिकॉन सुरुवातीला टिकतं. मग वारा खांब हलवतो, आणि हलणारा खांब स्वतःच भोक मोठं करत राहतो.

सोसायटीने तर ठरावच केला होता : गच्चीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. त्या ठरावाला माझाही हात वर होता. गच्ची सगळ्यांची असते, पण तिच्याखाली राहणारं माणूस एकच असतं, हे आठ वर्षं शेजारी राहून मी पाहिलं होतं.

मी काकूंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, भाऊंना सावली नको असं मी कशाला म्हणेन? फक्त मला पुन्हा बादली काढायला लावू नकोस.’’

*

बाबांचा जन्म गुहागर तालुक्यातला. त्यांच्या डोक्यात मांडव म्हणजे अंगणातला. पाऊस संपला, भातं घरात आली की अंगण नव्याने करायचं. पावसाने धुपलेली जागा खणायची, माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची. त्याच वेळी पहारीने खड्डे घेऊन मेढी रोवायच्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. बेचक्यात आडवे वासे, त्यावर बांबू, वर नारळाच्या झावळ्यांचे झाप. मांडवाखाली बसाउठायचं, जेवणावळी व्हायच्या, आणि मांडवाच्या वर सुपारी वाळत पडायची. मे महिना सरत आला की मांडव काढायचा, वासे-बांबू पडवीत किंवा माळ्यावर ठेवायचे. मृग ७-८ जूनला लागतं, त्याच्या आत. खड्डे पावसात बुजून जायचे आणि पुढच्या दिवाळीनंतर अंगण पुन्हा नवं.

बाबांनी हे सांगितलं आणि मला आमच्या गच्चीचा सगळा पेच समजला. अंगणात खड्डा घेणं हा गुन्हा नाही, कारण माती भरून येते. दरवर्षी ती दुरुस्त होते, किंबहुना दुरुस्त करायची म्हणूनच उकरली जाते. स्लॅबला भरून येणं माहीत नाही. तिला पाडलेलं भोक वर्षागणिक मोठं होतं. फॅब्रिकेटर जे करायला निघाला होता ती मुळात जुनीच रीत, मेढ रोवण्याची. फक्त जमिनीच्या जागी आता कुणाच्या तरी पलंगावरचं छत होतं.

पण मांडव घालायचे तर आपल्या लोकांनी काही थांबवलेलं नाही. मातीशिवाय मेढ उभी करायची युक्ती प्रत्येकाने आपापली काढली आहे, आणि एकदा शोधायला लागल्यावर मला ती सगळीकडे दिसू लागली. ठाण्याला नौपाड्यात मावसबहिणीच्या लग्नात मुहूर्तमेढ रोवली ती माती भरलेल्या बादलीत. गुरुजींनी बादलीला हळदकुंकू लावलं, बाकी विधी तसाच. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव आपण बाल्कनीत कुंडीला आणि पाटाला बांधतो. सोसायटीच्या आवारात बॅडमिंटनच्या जाळीचे खांब जुन्या टायरात काँक्रीट ओतून उभे असतात, खेळ संपला की मुलं ते गडगडवत भिंतीशी नेतात. या सगळ्यात तत्त्व एकच आहे. जमीन धरून ठेवत नसेल तर वजनाने धरायचं.

हे धंदा म्हणून करणारी माणसं म्हणजे मंडपवाले. कल्याणला लग्नांचे आणि उत्सवांचे मंडप घालणाऱ्या एका दादांना मी गाठलं. रस्त्यात खड्डे घेऊन बांबू रोवणं एके काळी सर्रास चालायचं. ते त्यांनी स्वतः पुष्कळ केलंय. मग डांबराचे रस्ते काँक्रीटचे झाले आणि खड्ड्यामागे दंड भरायची वेळ आली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश झाले, २०१६ साली निकाल आला, त्यात आवाजाबरोबर रस्त्यावरच्या मंडपांचाही प्रश्न होता. त्यानंतर परवानग्यांची काटेकोर विचारणा सुरू झाली. धंदा टिकवायचा तर खड्ड्याविना उभं राहायला शिकणं भाग होतं.

दादांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, चार पाय चार ठिकाणी सुटे ठेवायचे नाहीत. खालूनही चौकट हवी. एका पायाला वारा लागला तर बाकी तिघांनी त्याला धरलं पाहिजे. दुसरी, कोपऱ्यांत तिरपे आधार हवेत. चौकोन लोळतो, त्रिकोण लोळत नाही. तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ‘‘ताई, कापड कधी तारेने बांधायचं नाही. सुतळीने बांधायचं. वादळ आलं तर सुतळी तुटली पाहिजे. कापड गेलं तर पैसे गेले. मांडव गेला तर माणूस जातो.’’

*

वजन किती, हा प्रश्न राहिला. तेवढ्यात आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट निघालं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना ते करावंच लागतं. तपासणीला आलेले इंजिनिअर ठाण्याचे होते आणि त्यांना माझा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. ते गच्चीवर उकिडवे बसले आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो मी इथे देते, कारण गच्चीवर काहीही उभं करणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो, ताशी १२०चा सुमारे ६८ किलो. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्याचा दाब होतो चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात. आमचा मांडव आठ बाय दहाचा, म्हणजे साडेसात चौरस मीटरला थोडा कमी. त्यावर पत्रा किंवा प्लास्टिकची शीट टाकली, तर असा वारा त्याला पावणेनऊशे किलोच्या जोराने उचलू पाहील. हा ढोबळ आकडा, उंचीचे आणि आकाराचे गुणक वेगळे. पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. मांडव पडण्याआधी उडतो. खांब कितीही जाड घ्या, तो उचलला जात असेल तर जाडीचा उपयोग नाही.

‘‘मग हजार किलो ठेवूया,’’ मी म्हटलं.

‘‘कुठे ठेवणार?’’ त्यांनी विचारलं.

कारण हिशेबाची दुसरी बाजू खालची होती. लोक वावरतात अशा गच्चीसाठी मानकात चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरतात. दोनशे लिटरचा पिंप वाळूने भरला तर तीनशे किलोच्या पुढे जातो आणि तो सगळा भार पाव चौरस मीटरवर येतो. सरासरी काढली तर आकडा बसतो, पण सरासरी फसवी असते. वजन सरासरीवर उभं नसतं, चार जागांवर उभं असतं. पाण्याने भरलेले पिंप हलके पडतात, शिवाय पाणी आटतं आणि डासांची नोटीस येते.

उत्तर गच्चीवरच उभं होतं. आमच्या गच्चीवर, जशा डोंबिवलीतल्या कितीतरी गच्च्यांवर असतात तशा, गंजलेल्या सळयांच्या जुड्या वर आलेल्या आहेत. पुढेमागे आणखी एक मजला चढवू म्हणून बिल्डरने सोडलेल्या. तो मजला कधी झाला नाही. आम्ही चाळीस वर्षं त्यांना कपडे वाळवायची दोरी बांधली. इंजिनिअर म्हणाले, या सळया जिथे आहेत तिथे खाली कॉलम आहे, आणि दोन कॉलमच्या मधून बीम जाते. वजन ठेवायचं ते या रेघांवर. सळयांना मात्र मांडव बांधायचा नाही, त्या आतून किती खाल्ल्या गेल्यात सांगता येत नाही.

त्यामुळे मांडव चार हात सरकला. काकूंच्या खोलीच्या बरोबर मध्यावरून तो भिंतीच्या रेषेवर, दोन घरांच्या सामाईक बीमवर आला. सावली थोडी उशिरा येते, साडेनऊला.

*

२०२३च्या दिवाळीनंतर मांडव उभा राहिला. त्याच फॅब्रिकेटरने केला, जरा नाखुशीने. तो सगळा नटबोल्टांचा आहे, वेल्डिंग फक्त खाली वर्कशॉपमध्ये, गच्चीवर ठिणगी नाही. खाली तीन बाजूंना चौकट. चौथ्या, म्हणजे यायच्या बाजूला, पाइप ठेवला तर बाबा अडखळले असते, म्हणून तिथे चपटी पट्टी आहे आणि ती पिवळी रंगवली आहे. चौकटीखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे, म्हणजे लोखंड कोब्याला घासत नाही आणि पाणी खालून पन्हाळीकडे जातं.

चार कोपऱ्यांना चार मोठ्या पेट्या, चौकटीलाच जोडलेल्या. त्यांत भरायला पाचव्या मजल्याइतक्या उंचीवर वाळू आणायची तर हमालीच मांडवापेक्षा जास्त झाली असती. पण वॉटरप्रूफिंगच्या वेळी उकललेल्या जुन्या कोब्याचा राडारोडा पाण्याच्या टाकीमागे तसाच पडून होता. दीड वर्षं त्यावरून सेक्रेटरी आणि कंत्राटदार भांडत होते. तो आम्ही पेट्यांच्या तळाला भरला, वर माती घातली. प्रत्येक कोपऱ्यात साधारण दीडशे किलो, वर लोखंडाचं सव्वाशे. जो कोबा काकूंच्या पलंगावर गळत होता तोच आता मांडव धरून बसला आहे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘एवढं तरी करू दे त्याला.’’

सगळं मिळून सव्वासातशे किलो. म्हणजे ताशी १५८च्या वाऱ्यात पत्र्याचं छप्पर टिकलं नसतं, हे उघड आहे. म्हणून पत्रा नाही. वर लांब अंतरावर आडव्या पट्ट्या आणि पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, सुतळीने बांधलेली. दोन पेट्यांत मधुमालती, एकीत कृष्णकमळ, चौथीत बाबांनी हट्टाने घेवडा लावला.

१३ मे २०२४ला दुपारी धुळीचं वादळ आलं. मृगाला अजून तीन आठवडे होते, रोहिणीही लागली नव्हती. बाबांचं पंचांग त्या दिवशी कामाला आलं नाही. आभाळ पिवळं झालं, समोरच्या इमारतीवरचे दोन पत्रे उडाले आणि कुठे पडले ते आवाजावरून कळलं. मी वर गेले नाही, बाबांना दारातच धरून ठेवलं. त्याच दुपारी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. १२० फूट बाय १२० फूट. १७ माणसं गेली. पुढे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालाबद्दल छापून आलं : त्या फलकाचा पाया ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसण्याइतकाच होता, असायला हवा होता १५८चा, आणि त्या दिवशी वारा होता ८७चा. १५८ हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्या गच्चीवरची वही आठवली. तो गुप्त आकडा नव्हता. कुणीही उकिडवं बसून मांडू शकेल असा हिशेब होता.

संध्याकाळी वर गेले तेव्हा जाळी तीन बाजूंनी सुटून एका कोपऱ्याला लोंबत होती. सुतळ्या तुटल्या होत्या. चौकट खडूच्या ज्या खुणांवर ठेवली होती तिथेच होती. मधुमालतीची फुलं गच्चीभर पडली होती. घेवड्याला काही झालं नव्हतं.

तेव्हापासून जाळी एप्रिलअखेरीस उतरते. बाबा खुर्चीत बसून सूचना करतात, मी स्टुलावर चढून सुतळ्या कापते. पावसात नुसती चौकट आणि वेल राहतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी काकूंकडे जाऊन छत बघून येते. दोन पावसाळे ते कोरडं आहे. आता तर त्या हाक मारूनच सांगतात, ‘‘कोरडं आहे गं, चहाला ये.’’ दिवाळीनंतर त्यांचीही एक खुर्ची मांडवात असते. नऊ पायऱ्यांवर त्या थांबतात, बाबाही तिथेच थांबतात, त्यावरून दोघांत कोण आधी थकतं याची चर्चा होते.

पुनर्विकासाचे कागद फिरू लागले आहेत. परवाच्या सभेत सगळ्यांनी कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं विचारलं. बाबांनी मला एक प्रश्न लिहून दिला होता, तो मी वाचून दाखवला : नव्या इमारतीत गच्चीची किल्ली कुणाकडे असेल? बिल्डरच्या माणसाने तो वहीत टिपून घेतला आणि कळवतो म्हणाला. सभेनंतर सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, मांडवाला नटबोल्ट किती आहेत. छत्तीस आहेत. पाना आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात असतो.